रुमालाखालचा हात

हे खरं आहे. माझ्या घरात घडलंय आणि माझ्यासमोर घडलंय.

नात म्हणते, "आजी, लोक म्हणतील बनवलेलं आहे." म्हणू देत. बनवायचंच असतं तर मी स्वतःला यात जरा बरी जागा दिली असती.

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. गाव सांगली. होळीच्या आगेमागचे दिवस.

आणि एक आधीच सांगते. यात अमावास्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते दिवसाउजेडी, नाहीतर दिवेलागणीला झालं. बाहेर रस्त्यावर हमाल ओरडत होते, बैलगाड्या चालल्या होत्या.

म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

मी लीलाबाई. माहेर उंब्रजचं. त्र्याहत्तरच्या वैशाखात माझं लग्न बिजवराशी झालं. ह्यांचं हळदीच्या पेठेत अडतीचं दुकान. शेतकऱ्याची हळद यायची, हे ती व्यापाऱ्याला विकून द्यायचे आणि आपली अडत घ्यायचे. दुकानामागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड.

ह्यांची पहिली बायको मनुबाई. एकाहत्तरच्या दिवाळीत तापाने गेली. मूलबाळ नव्हतं.

गेली असं सगळे म्हणायचे. मला ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.

नवी नवरी म्हणून आत पाऊल टाकलं आणि समोर भिंत दिसली...

भिंतीवर ओळीने खुंट्या. प्रत्येक खुंटीवर एक लांब दोरी, हळदीने पिवळी पडलेली. दोरीला गाठीच गाठी. मध्ये मध्ये हळकुंडाचे तुकडे ओवलेले.

शेवटच्या दोन खुंट्या रिकाम्या.

"ह्ये काय हाय?" मी विचारलं.

"मनूच्या दोऱ्या हाईत," हे म्हणाले. "हात लावू नगंस."

लग्नाच्या दिवशी नवऱ्याचं माझ्याशी हे पहिलं बोलणं.

त्या दोऱ्या म्हणजे काय, ते सांगायला हवं. तेव्हा आमच्या पेठेत भाव तोंडाने बोलत नसत. अडत्या आणि व्यापारी समोरासमोर बसायचे. मध्ये रुमाल टाकायचा. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव करायचा. बाजूला उभ्या असलेल्याला कळत नसे की सौदा कितीला पटला. आता कुणी म्हणेल, तोवर उघड लिलाव सुरू झाले होते. झाले असतील. आमच्याकडे रुमालच चालायचा.

हे संध्याकाळी घरी यायचे आणि मनुबाईसमोर तसेच बसायचे. मध्ये रुमाल, रुमालाखाली हात. दिवसभराचा भाव तिला बोटांनी सांगायचे. ती तो दोरीत बांधायची. मोठी गाठ म्हणजे शंभर, बारीक गाठ म्हणजे दहा. दिवस संपला की हळकुंडाचा तुकडा. हंगाम संपला की दोरी खुंटीवर.

दहा हंगाम असे बांधले तिने.

म्हणजे नवरा-बायको दहा वर्षं रोज संध्याकाळी हातात हात घेऊन बसत होते, असं सरळ सांगा ना! माझ्या आईबापांनी जन्मात कधी एकमेकांचा हात धरला नव्हता. आणि ही बाई व्यवहाराच्या नावाखाली रोज धरून बसत होती.

मला तिचा राग आला. लाज कसली त्यात? आला म्हणजे आला.

त्या दोऱ्यांवर आमचं दुकान चालायचं, हेही खरं. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत लोकांची हळद भरलेली असायची. ती आता काढायची की अजून थांबायचं, हे ठरवायला लोक आमच्याकडे यायचे.

"बापू, होळीनंतर भाव चढतोय का पडतोय?"

हे उठायचे. डोळे मिटायचे. एकेका दोरीवरून बोटं फिरवायचे आणि सांगायचे, "अडुसष्टला चढला हुता. एकुणसत्तरला पडला, त्यो पाडव्यापातूर उठलाच न्हाई."

लोक ऐकायचे आणि माल आमच्याच दुकानात टाकायचे.

बोटं फिरवताना ह्यांच्या तोंडावर जे हसू यायचं, ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्याकडे बघून तसं ते एकदाही हसले नव्हते.

पण ती गेल्यापासून दोन हंगाम बांधलेच गेले नव्हते. लोक विचारायचे, "दुष्काळात काय झालं वो बापू?" आणि ह्यांची बोटं रिकाम्या खुंटीपाशी थांबायची. लोक कमी होत चालले होते. म्हणून त्यांना दोरी बांधणारी हवी होती. माझ्याशी लग्न त्याचसाठी केलं का, हे मी कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायचं नव्हतं.

थंडीत त्यांनी मला शिकवायला घेतलं. दिवेलागणीला मी पाटावर बसायची, समोर हे, मध्ये रुमाल. त्यांचे डोळे मिटलेले असायचे, बोटांचं कळायला तसंच लागतं म्हणे.

मला हात धरलेला कळायचा. भाव कळायचा नाही. आणि बांधलेली गाठ लगेच सैल पडायची.

"वहीत लिवते की," मी म्हणाले. "सातवी शिकल्ये मी."

"वही कुणीबी वाचतंय." मग हात काढून घेऊन म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. मनूच्या हाताला न सांगता कळायचं."

असं कुठल्या बायकोला सांगतात का?

गळ्यात माझ्या आणखी एक गोष्ट होती. चांदीचा टाक. आमच्यात रीत आहे, दुसरेपणावर दिलेल्या मुलीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं असो, नवी बांगडी असो, आधी तिच्यापुढे ठेवायची. म्हणायचं, "घ्या बाई, हे तुमचं." थोडं थांबायचं. मग पदर पसरून मागून घ्यायचं, "आता मला द्या."

ही रीत मला माझ्या नणंदेने, रंगुबाईंनी शिकवली. त्या शेजारच्याच बोळात राहायच्या. लुगड्यापर्यंत मी ते सगळं केलं. दात खाऊन केलं, पण केलं.

हंगामाच्या मुहूर्ताच्या सौद्याचा दिवस आला. ह्यांनी सुताची नवी लडी आणली. मला दिली आणि म्हणाले, "आदी मनूफुडं ठेव."

माझं डोकं फिरलं.

टाक काढून पाटावर ठेवला. त्याच्यापुढे लडी टाकली. ठेवली नाही, टाकली.

"घ्या बाई. तुमचंच हाय समदं. दोऱ्या तुमच्या, घर तुमचं, आन् नवराबी तुमचाच!"

आणि उठले. पदर पसरला नाही, परत मागितलं नाही. त्या बाईपुढे मी हात पसरू? दोरीसाठी? लडी तशीच उचलली आणि टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच निवडण करत बसले होते. पत्रा तापला होता. वाऱ्याची झुळूक नव्हती.

आणि भिंतीकडून आवाज आला...

टक्... टक्... टक्.

हळकुंडावर हळकुंड आपटल्यासारखा.

मी मान वर केली. सगळ्या दोऱ्या सरळ लटकत होत्या.

एकच हलत होती. शेवटची.

उंदीर असेल, मी मनाशी म्हणाले. पण बाहेर वळचणीला चिमण्यांची रोज किती कलकल असायची, ती अजिबात नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग लडी कमी व्हायला लागली. मी रोज वीतभर वापरायची, ती हातभर संपायची. माझ्या सैल गाठी मी टोपलीत ठेवून पाण्याला जायची आणि आल्यावर बघायची तर...

घट्ट. नखाने सुटणार नाही इतक्या घट्ट.

मला वाटलं, हेच घट्ट करत असतील. माझी अब्रू राखायला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

होळीच्या आधी तासगावकडचे हरिबा आले. जुने गिऱ्हाईक. दारातच पोतं टेकवून बसले. "बापू, पेवातली काढू का थांबू? दुष्काळाच्या साली होळीनंतर काय झालं हुतं?"

हे उठले. डोळे मिटून दोऱ्यांवरून हात फिरवत गेले. मला माहीत होतं, पुढे रिकाम्या खुंट्या आहेत. आता त्यांचा हात थांबणार, मान खाली जाणार.

हात थांबला...

पण मान खाली गेली नाही.

खुंटीवर दोरी होती. दोन्ही खुंट्यांवर होत्या. पिवळ्याधमक, गाठींनी भरलेल्या. सकाळी मी ती भिंत झाडली होती. तेव्हा तिथे खुंटीशिवाय काही नव्हतं.

ह्यांची बोटं चालायला लागली. "होळीला पडला हुता... रंगपंचमीपास्नं चढला... पाडव्याला लय चढला."

"आरं व्हय की!" हरिबा उठून उभे राहिले. "मी रंगपंचमीलाच इकली हुती आन् मागनं हळहळत बसलो. आगदी असंच झालं हुतं! कुणी बांधली ही?"

ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

ते हसू. तेच, ज्याच्यासाठी मी जळत होते. ते माझ्याकडे बघून आलं.

"आमच्या मंडळीनं," हे म्हणाले. "पेठंत इचारून इचारून बांधली आसंल. बोलली न्हाई मला."

तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की मी नाही बांधली.

पण ते मी म्हटलं नाही. पदर सारखा केला आणि चहा टाकायला उठले. जे हसू मिळालं होतं ते मी परत करणार नव्हते.

त्या संध्याकाळी ह्यांनी गजरा आणला. मला "लीले" म्हणून हाक मारली. पुढचे आठ-दहा दिवस माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे. घरात कुठून तरी शिजलेल्या हळदीचा वास यायचा. आमच्याकडे हळद वाळलेली यायची, शिजवायची ती शेतावर. मी तो वास नाकाआड करायची.

आणि मग मी गणपतीला गेले.

दर्शन घेतलं, ओळखीची बाई भेटली, परत यायला दिवेलागण झाली. दुकानाच्या बाजूने आत शिरले. आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज येत होता.

"आता जमलं बघ तुला," हे म्हणत होते. इतक्या मऊ आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "आता हात बराबर बसला."

मी उंबऱ्याशी थांबले.

हे भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले. समोर रुमाल पसरलेला, रुमालाखाली त्यांचा हात.

समोर माझा पाट. पाटावर कुणी नव्हतं.

पण रुमालाची पाटाकडची कड...

उचललेली होती. खाली मनगट असावं तशी.

आणि रुमालाखाली त्यांच्या हातासमोर आणखी एक उंचवटा होता. तो हळूहळू हलत होता. एक बोट, दुसरं बोट.

पाटाशेजारी टोपलीतली दोरी आपोआप रुमालाखाली ओढली जात होती.

माझ्या हातातला नारळ खाली पडला.

रुमाल एकदम सपाट झाला. ह्यांनी डोळे उघडले. रिकाम्या पाटाकडे बघितलं, मग दारात उभ्या माझ्याकडे.

"उटलीस कवा?" त्यांनी विचारलं.

ते हसत होते. त्यांना वाटत होतं, इतका वेळ मीच समोर होते.

मी ती दोरी उचलून रंगुबाईंकडे पळाले. त्यांनी ती उजेडात धरली. एका गाठीवर अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"डाव्या हाताची गाठ हाय ही. मनू डावरी हुती." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लडी तिच्याफुडं ठिवली हुतीस न्हवं? परत मागून घेतलीस का?"

मी दोरी परत घ्यायला हात पुढे केला.

"लीला, मागितलीस का?"

"न्हाई."

"आगं बाई! मग ती तिचीच झाली की. आजून येळ गेली न्हाई. जा, पदर पसर आन् माग. द्यायची ती दील. ती काय वाईट न्हवती."

ते शेवटचं मला लागलं. वाईट नव्हती! मेल्यावरही सगळ्यांना तीच चांगली.

"मी न्हाई मागणार, वन्सं," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्याचा हात मी तिच्याकडं मागू?"

"मग काय करतीस?"

"ह्यांनाच सांगते. ह्येच घालवतील तिला."

वाटेत मी सगळं मनाशी ठरवलं. हे घाबरतील. दोऱ्या गोळा करून कृष्णेत सोडतील. मग दुकान चालो न चालो, हे माझा हात धरतील. माझा म्हणून धरतील. मला एवढंच हवं होतं.

घरी येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मघाशी तुमच्याफुडं मी न्हवते. मी देवळात हुते."

"काय बोलतीस?"

"त्या दोन दोऱ्याबी मी बांधल्या न्हाईत. मला तशी गाठच येत न्हाई. वन्संना इचारा. डाव्या हाताच्या हाईत त्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. तळवा उलटा केला, सुलटा केला. बोटांना पिवळं लागलेलं होतं.

मी वाट बघत होते, आता ओरडतील.

त्यांचे डोळे भरून आले.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच हात वळकीचा वाटत हुता."

ते घाबरले नाहीत हो. त्यांना आनंद झाला. सणाला लेक माहेरी आल्यावर बापाला होतो तसा आनंद. त्यांनी तो हात छातीशी धरला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मनू, आगं, आदी का न्हाई सांगितलंस?"

मी तिथेच उभी होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते स्वतः पाट मांडून बसले. मी नेहमीसारखी समोर बसले आणि रुमालाखाली हात घातला. त्यांनी डोळे मिटून माझी बोटं चाचपली.

हात मागे घेतला.

"तू न्हवं," ते म्हणाले.

चिडून नाही. सौद्याला भलताच माणूस येऊन बसला तर त्याला सांगतात, तसं.

पुढे हे सतरा वर्षं जगले. दोन मुलं झाली, संसार झाला, कुणाला काही कळलं नाही. दुकान जोरात चाललं. साताऱ्याकडूनही लोक जुने भाव विचारायला यायचे. भाव कधी चुकला नाही. पण दिवेलागणीला आतली खोली बंद असायची, आणि तेवढा वेळ मी चुलीपाशी. ज्या दिवशी रुमाल हलायचा त्या दिवशी हे दोन भाकरी जास्त खायचे. ज्या दिवशी हलायचा नाही, त्या दिवशी माझ्याशी बोलायचे नाहीत.

दोऱ्या मी का जाळल्या नाहीत, असं नात विचारते. एकदा हातात काडी घेतली होती. जाळून ते माझे होणार होते का?

एकच सांगायचं राहिलं. हे मी आजवर मुलांनाही सांगितलेलं नाही.

त्याच चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भाकऱ्या झाल्या होत्या. आतली खोली अजून बंद. मला भूक लागली होती, रागही आला होता. दाराशी जाऊन मी मोठ्याने विचारलं, "वाढू का?"

आतून उत्तर येईना.

मी कडीला हात घातला आणि पुन्हा विचारलं, "आवं, वाढू का?"

आणि आतून आवाज आला...

"थांब गं जरा."

तो ह्यांचा आवाज नव्हता.

बाईचा होता. त्यात राग नव्हता, दरारा नव्हता. घरातली मोठी धाकटीला सांगते, तसा साधा आवाज. मी इतके दिवस तिच्यासाठी मनात किती भांडणं रचून ठेवली होती. त्यातला एक शब्द तोंडातून फुटला नाही.

मी कडी सोडली. मागे आले, भाकऱ्या झाकून ठेवल्या आणि चुलीपाशी बसून राहिले.